सायकली मागे, गाडी उलाळ!

घरच्या सहलीची कामं कशी वाटली जातात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गाडी बाबा नाहीतर काका चालवणार. मुक्कामाचं बुकिंग ताई करणार. खाण्यापिण्याचं आई आणि मावशी बघणार. आणि टपावर, डिकीत, मागे जे काही चढवायचं, कोंबायचं, बांधायचं असेल ते सगळं तुमच्या वाट्याला! ‘एवढा कॉलेजात जातोस, दोरी बांधता येत नाही?’ हे वाक्य ऐकलंच नाही असा घरातला धाकटा विरळाच.

त्यात सायकली न्यायच्या ठरल्या की मग विचारूच नका. दोन मोठ्यांच्या, एक छोटीची आणि एक नवीकोरी बॅटरीवाली. या चार सायकली ठेवायच्या कुठे? उत्तर सगळ्यांकडे तयार असतं, ‘मागे टांग की!’

हे ‘मागे टांगणं’ दिसायला अगदी किरकोळ काम. पाच मिनिटांचं. पण गाडी रस्त्याला लागली की याच पाच मिनिटांच्या कामावर गाडीतल्या माणसांचा आणि गाडीच्या मागून येणाऱ्या अनोळखी माणसांचा जीव अवलंबून असतो. आणि ते काम करणारे तुम्ही आहात. म्हणून हा विषय तुमच्या पानावर.

चाकांवरची खोली

हा सगळा मामला समजून घ्यायचा तर अमेरिकेकडे बघायला हवं. तिथे सायकली घेऊन कुटुंबासकट कॅम्पिंगला जाणं हा उन्हाळ्याचा नेम असतो. मे महिन्याचा शेवटचा सोमवार ते सप्टेंबरचा पहिला सोमवार हा तिकडचा सहलींचा हंगाम. तुमच्यापैकी काहीजण एमएस करायला तिकडे जातील, कुणाची बहीण, कुणाचा मामा आधीच तिकडे असेल. लाँग वीकेंडला चार-पाच मित्रांनी किंवा दोन कुटुंबांनी मिळून भाड्याने ट्रेलर घ्यायचा आणि नॅशनल पार्क गाठायचं, हा बेत आपल्या मराठी घरांनाही नवा नाही.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, संडास-बाथरूम. पण तिला स्वतःचं इंजिन नसतं. ती आपल्या गाडीच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. मुक्कामाच्या जागी पोचलं की ती उभी करायची, गाडी सोडवायची आणि संसार मांडायचा.

मग सायकली कशाला? तर यासाठीच. एकदा ती खोली उभी राहिली की पुढचे तीन दिवस दर वेळी गाडी काढायचा कंटाळा येतो. नळावरून पाणी आणायचं आहे, दुकानातून दूध आणायचं आहे, पलीकडच्या तळ्यापर्यंत जायचं आहे. यासाठी सायकल झकास. शिवाय काही जागा अशा की तिथे गाडी चालतच नाही. योसेमिटीच्या दरीत साधारण १२ मैलांचे, म्हणजे १९ किलोमीटरचे पक्के सायकलमार्ग आहेत. मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कमध्ये घोडागाड्यांसाठी बांधलेले ४५ मैलांचे, म्हणजे ७२ किलोमीटरचे रस्ते आहेत. जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांनी ते १९१३ ते १९४० या काळात बांधून घेतले आणि मोटारींना तिथे आजही बंदी आहे. चालत जा, घोड्यावर जा, नाहीतर सायकलने जा. बॅटरीची सायकल न्यायची असेल तर फक्त पहिल्या वर्गाची, म्हणजे पायडल मारलं तरच मदत करणारी आणि ताशी ३२ किलोमीटरला मदत थांबवणारी. म्हणजे खर्च करून सायकल तिथवर नेलीत आणि ती या वर्गातली नसली, तर ती ट्रेलरला टेकून उभीच राहणार. निघण्याआधी हे तपासायचं कामही तुमचंच समजा!

तर सायकली न्यायच्या, हे ठरलं. प्रश्न उरतो कुठे ठेवायच्या?

बैलगाडीवाल्याला विचारा

ट्रेलरच्या मागे बंपर असतो. छान आडवा पाइप. सायकलीचा स्टँड त्याच्यावर बसवायला अगदी सोयीचा दिसतो. इथेच पहिली गडबड होते.

ट्रेलर उभा असतो एका किंवा दोन ॲक्सलवर, साधारण मध्याच्या जरा मागे. पुढचं टोक गाडीच्या हिचवर टेकलेलं असतं. आता जरा डोळ्यांसमोर बैलगाडी आणा. दोन चाकं मध्ये, पुढे जू बैलांच्या मानेवर. अगदी तीच रचना. गाडीत मागच्या बाजूला जास्त पोती रचली तर काय होतं? मागचा भाग खाली बसतो, जू वर उचललं जातं आणि गळ्यातले पट्टे बैलांना आवळायला लागतात. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे. गाडी ‘उलाळ’ झाली. बैलगाडीवाला मग दोन पोती पुढे सरकवतो नाहीतर एखाद्याला पुढे येऊन बस म्हणतो. उलट सगळं वजन पुढे आलं की जू बैलांच्या मानेवर बसतं. तेही वाईट. जू मानेवर टेकलेलं हवं, पण मान मोडणारं नको.

ट्रेलरचंही तेच. पुढच्या टोकाने हिचवर किती भार टाकावा याचा अमेरिकेतला सर्वसाधारण नियम म्हणजे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के. याला ते लोक टंग वेट म्हणतात. आपण जुवावरचं वजन म्हणू.

आता अकरावीच्या फिजिक्सचं पुस्तक आठवा. तरफ, टेकू, मोमेंट. एक साधा हिशेब करू. भरलेला ट्रेलर १६०० किलोचा. जुवावरचं वजन १२ टक्के, म्हणजे १९२ किलो. हिचपासून ॲक्सल ४ मीटरवर. मागच्या बंपरच्या पलीकडे टांगलेल्या सायकली ॲक्सलच्या मागे ३ मीटरवर. चार सायकली प्रत्येकी १५ किलोच्या धरल्या तर ६० किलो, वर स्टँडचे २० किलो, एकूण ८० किलो.

टेकू म्हणजे ॲक्सल. मागे ८० गुणिले ३. पुढे ४ ने भागा. उत्तर ६०. म्हणजे मागे ८० किलो टांगले आणि पुढून ६० किलो उचलले गेले. १९२ चे राहिले १३२. ट्रेलरचं वजन झालं १६८०. टक्केवारी काढा. आठच्याही खाली! आणि ॲक्सलवर भर पडली ८० किलोंची नाही, तर १४० किलोंची.

ट्रेलर बाहेरून आधीसारखाच दिसतो. फोटोही भारी येतो. पण गाडी उलाळ झालेली असते.

शेपूट हलायला लागलं की

उलाळ झालेल्या ट्रेलरचं रस्त्यावर काय होतं? हायवेला शेजारून एखादा मोठा ट्रक जोरात जातो. त्याच्या हवेचा धक्का बसतो. पुढे पुरेसं वजन असेल तर ट्रेलर एकदा हलतो आणि सरळ होतो. वजन कमी असेल तर तो डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असा झुलायला लागतो. वेग जितका जास्त तितका झोका मोठा. आणि हा झोका फक्त ट्रेलरचा राहत नाही. तो ओढणाऱ्या गाडीचाही मागचा भाग इकडून तिकडे ढकलायला लागतो.

सायन्सवाल्यांना यात आणखी एक गोष्ट लक्षात येईल. तेच ८० किलो ॲक्सलच्या वर ठेवले असते तर इतका त्रास झाला नसता. वजन मध्यापासून जितकं लांब, तितका मोमेंट ऑफ इनर्शिया जास्त. म्हणजे झोका एकदा सुरू झाला की थांबवणं तितकंच अवघड. काठीच्या टोकाला वीट बांधून फिरवून बघा आणि मग तीच वीट मुठीजवळ बांधून फिरवून बघा. मनगटाला लगेच कळेल.

अशा वेळी करायचं काय, हे गाडी चालवणाऱ्याला आधीच माहीत हवं. जोरात ब्रेक मारायचा नाही. वेग वाढवून ‘ओढून सरळ’ करायचं तर अजिबात नाही. स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायची सोय असेल तर फक्त ते वापरायचे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. ती उगाच नाही.

शिवाय तो बंपर. बऱ्याच ट्रेलरचा मागचा बंपर म्हणजे साधारण ४ इंचाचा पातळ पत्र्याचा पोकळ चौकोनी पाइप असतो. आत सांडपाण्याची नळी ठेवता यावी हा त्याचा मोठा उपयोग. चार सायकली तोलायला तो बनवलेलाच नसतो. त्यातून ट्रेलरचं मागचं टोक म्हणजे वर्गातला शेवटचा बाक. सगळ्यात जास्त उड्या तिथेच. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला सायकली वर जातात आणि खाली आदळतात. एका फटक्यात काही तुटत नाही. तार पुन्हा पुन्हा वाकवली की कशी तुटते, तसं ते होतं. पहिल्या दिवशी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी ठणठणीत, आणि तिसऱ्या दिवशी जोडकामाला चीर. म्हणूनच गाडीच्या मागे चालणारा प्रत्येक सायकल स्टँड ट्रेलरच्या मागे चालत नाही. ट्रेलरसाठी चालेल असं स्टँडच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं हवं आणि बंपरवर लावायला चालेल असं ट्रेलरच्या पुस्तिकेत. दोन्हीकडे हो असेल तरच हो.

मग ठेवायच्या कुठे?

जागा चार आहेत आणि प्रत्येकीची काहीतरी किंमत आहे.

पहिली, ओढणाऱ्या गाडीचं टप. ट्रेलरच्या तोलाला इथे धक्का लागत नाही. पण चार सायकली उचलून वर चढवायला जोर लागतो, हवेचा अडसर वाढतो, पेट्रोल जास्त लागतं. आणि मुख्य म्हणजे उंची. पावणेदोन मीटरची गाडी सायकलीसकट पावणेतीन मीटरच्या पुढे जाते. ड्राइव्ह-थ्रूचा अडणा, पार्किंगचं छत, कॅम्पग्राउंडवरची खाली आलेली फांदी यांना हे माहीत नसतं. म्हणून एकूण उंची मोजून कागदावर लिहा आणि तो कागद स्टिअरिंगसमोर चिकटवा.

दुसरी, पिकअप असेल तर तिचा मागचा हौदा. चार जागांमधली ही सगळ्यात निर्धोक. फक्त वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा सायकलीच्या हँडलला लागत नाही ना, ते रिकाम्या मैदानात एकदा वळवून बघायचं.

तिसरी, ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर बसणारा स्टँड. इथे उलट होतं. उलाळ होण्याऐवजी जू मानेवर बसतं. आपल्या उदाहरणातले ८० किलो हिचच्या अर्धा मीटर मागे ठेवले तर जुवावर ७० किलो वाढतात. १९२ चे २६२ होतात. १५ टक्क्यांच्या वर! गाडीची हिच तेवढं पेलणार आहे का, ते तिच्यावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. वाचा.

चौथी, ट्रेलरच्या आत. पुढची चाकं काढायची, जुनी चादर अंथरायची, सायकली जमेल तितक्या ॲक्सलच्या वर येतील अशा ठेवायच्या आणि बांधायच्या. चेनचं ग्रीस गादीला लागतं, मुक्कामाला पोचल्यावर आधी सायकली काढाव्या लागतात, मगच चहा. पण तोल राहतो, पावसात भिजत नाहीत आणि रस्त्यात कुणाच्या अंगावरही पडत नाहीत.

पाचवीही एक जागा आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. घरी ठेवायच्या! योसेमिटीत सायकली भाड्याने मिळतात, अकेडियाजवळच्या बार हार्बर गावातही मिळतात. छोटीची सायकल वजनाला हलकी आणि तिला दुसरी बसणार नाही, म्हणून ती न्या. २५ किलोची बॅटरीवाली राहू दे. आणि ती न्यायचीच असेल तर बॅटरी काढून गाडीत ठेवा. वजनही कमी होतं आणि पावसापासून ती सांभाळलीही जाते.

आपल्याकडचं काय?

तुम्ही म्हणाल, हे ट्रेलर-बिलर अमेरिकेत. आपल्याकडे कुठे आहेत? खरंय. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण चाकांवरची खोली ओढत नेणारी कुटुंबं आपल्याकडे अजून फारशी दिसत नाहीत. दिसते ती सहा-सात माणसांनी भरलेली गाडी. डिकीच्या दारावर पट्ट्यांनी आवळलेला स्टँड, त्यावर दोन-तीन सायकली, आणि मोर्चा पवनेला, भंडारदऱ्याला नाहीतर कोकणात. फिजिक्स मात्र व्हिसा मागत नाही. ते दोन्हीकडे सारखंच आहे.

आपल्या गाडीला चार चाकं, त्यामुळे ती ट्रेलरसारखी झुलणार नाही. पण मागच्या चाकांच्या पलीकडे टांगलेलं वजन पुढच्या चाकांवरचा भार थोडा उचलतंच. गाडी वळते पुढच्या चाकांनी. डिकी आधीच भरलेली, मागच्या सीटवर तीन माणसं, वर तीन सायकली, आणि समोर घाट. स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की ड्रायव्हरला वाटतं, वा, मस्त चाललीय गाडी!

त्याहून मोठा धोका दिसण्याचा आणि लागण्याचा. सायकलची लांबी साधारण १७० ते १८० सेंटिमीटर. छोट्या गाडीची रुंदीही जवळपास तेवढीच, बऱ्याचदा कमी. म्हणजे आडवी टांगलेली सायकल दोन्ही बाजूंनी किंवा एका बाजूने बाहेर डोकावते. तुमच्या शेजारून बाइक घासून पुढे काढणारा मुलगा तुमच्या गाडीचा अंदाज घेतो, सायकलीच्या चाकाचा नाही. उपाय सोपा आहे. पुढचं चाक काढून डिकीत टाका. दोन मिनिटांचं काम.

मग दिवे. सायकलींच्या मागे ब्रेकलाइट झाकला गेला की मागच्याला तुम्ही थांबताय हे कळतच नाही. कोकणातल्या रस्त्यावर पावसाळी संध्याकाळी याचा अर्थ काय होतो, ते तुम्हीच कल्पना करा. नंबरप्लेट झाकली तर पोलिसांनी अडवणं आलंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगीच्या मर्यादेबाहेर माल बाजूला, पुढे, मागे किंवा वर आलेला असेल तर २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. सायकली बांधून झाल्या की एकाला ब्रेक दाबायला सांगा आणि तुम्ही दहा पावलं मागे जाऊन उभे राहा. दोन्ही बाजूंचे दिवे, इंडिकेटर आणि नंबर दिसतात का? नसतील दिसत तर तशी गाडी काढायची नाही.

आता बांधण्याविषयी. रबरी हूकवाली लवचिक दोरी पिशवी अडकवायला ठीक, सायकल तोलायला नाही. ती ताणली जाण्यासाठीच बनवलेली असते. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते. चांगला रुंद पट्टा आणि घट्ट पकडणारं बक्कल हवं. पट्ट्याचं उरलेलं टोक वाऱ्यात फडफडत ठेवू नका, फडफडून फडफडून बक्कल ढिलं होतं. चाकं फ्रेमला बांधा, नाहीतर वाऱ्याने फिरत राहतात. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येऊ देऊ नका, गरम धुराने रबर जातं. बाटली, पंप, घंटा, टोपली आधीच काढा. कार्बनच्या फ्रेमला पट्ट्याने करकचून आवळू नका, तिला चीर जाते आणि ती वरून दिसतही नाही. आणि कुलूप लावलं म्हणजे सायकल बांधली असं नाही. कुलूप चोरासाठी असतं, खड्ड्यासाठी नाही.

शेवटचं, पण सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. निघाल्यावर पहिल्या १५-२० किलोमीटरवर थांबायचं आणि सगळे पट्टे पुन्हा ओढून बघायचे. पहिल्या काही खड्ड्यांत सगळं सामान आपापल्या जागी बसतं आणि पट्टे हमखास ढिले पडतात. त्यानंतर दर चहाला एकदा. चहा तर होणारच आहे!

लांबचा पल्ला असेल तर आपल्याकडे आणखी एक जुना, भरवशाचा रस्ता आहे. रेल्वे. स्टेशनच्या पार्सल ऑफिसात सायकल बुक करा, पावती घ्या, ती ब्रेकव्हॅनमधून येते. हँडल आणि गिअर पुठ्ठ्याने झाका, नाव आणि दोन्ही स्टेशनं ठळक लिहा, आणि वेळेच्या बरंच आधी पोचा. हायवेवर तुमच्या सायकलीखाली कुणी येईल ही काळजीच मिटली.

‘काही होत नाही रे’

हे सगळं वाचून तुमच्या डोक्यात एक अडचण आली असेल. माहिती मिळाली, पण घरात ऐकणार कोण? बाबा वीस वर्षं गाडी चालवतायत. काकांनी एकदा टपावर कपाट नेलंय. तुम्ही म्हणालात, ‘इथे नको टांगूया,’ की उत्तर येणार, ‘काही होत नाही रे, सगळे नेतात.’

‘काही होत नाही’ या वाक्याची गंमत अशी की बहुतेक वेळा ते खरं ठरतं. ढिला पट्टा दहा सहलींत सुटत नाही. दहा वेळा काही झालं नाही, म्हणून अकराव्या वेळी तो आणखी ढिला बांधला जातो. तो सुटतो तेव्हा गाडीतल्या कुणाला कळतही नाही. कळतं ते मागच्याला. मागे बऱ्याचदा दुचाकी असते. त्या दुचाकीवरच्याने तुमच्या सहलीत भाग घ्यायचं कबूल केलेलं नसतं. सायकल सोबत न्यायची ही हौस तुमची, तिचा धोकाही तुमच्याकडेच राहायला हवा. तो मागच्याच्या अंगावर टाकायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

म्हणून बोलायला हवं. पण भांडून नाही. ‘तुम्हाला कळत नाही’ असं म्हटलंत की विषय सायकलीचा राहत नाही, मानाचा होतो. आणि मानाच्या भांडणात फिजिक्स हरतं. त्यापेक्षा आकडे घेऊन बोला. घरात वजनकाटा असतो. आधी एकटे त्यावर उभे राहा, मग सायकल उचलून उभे राहा, वजा करा. मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँडवाली आपली साधी सायकल १८-२० किलोची भरते, हे पाहून घरातले सगळेच चमकतील. स्टँडच्या डब्यावर जास्तीत जास्त किती वजन लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवा. ब्रेकलाइट दिसत नाही हे सांगू नका, बाबांना गाडीच्या मागे नेऊन उभं करा. वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस मागचा दिवा दिसला नाही तर काय होतं हे तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. त्याने ते फक्त तुमच्या जागेवर उभं राहून पाहिलेलं नसतं.

आणि तरीही कुणी ऐकलं नाही तर? बांधायचं काम तुमचं आहे ना? मग ‘असं मी बांधणार नाही’ म्हणायचा अधिकारही तुमचा आहे. शांतपणे म्हणा, आणि लगेच दुसरा मार्ग पुढे ठेवा. ‘दोनच सायकली नेऊ, आळीपाळीने चालवू.’ ‘चाकं काढून आत ठेवू, माझी बॅग मी मांडीवर घेतो.’ नुसता नकार देणाऱ्याला घरात कटकट्या म्हणतात. नकारासोबत आपली मांडी देऊ करणाऱ्याचं ऐकलं जातं.

दिवाळीची सुट्टी असो की मेची, सहल ठरेल तेव्हा ठरेल. वजनकाटा आजच काढा. आपल्या सायकलचं, ताईच्या सायकलचं, छोटीच्या सायकलचं वजन करा आणि फ्रिजवर लिहून चिकटवा. पुढच्या वेळी कुणी ‘मागे टांग की’ म्हणालं, की आधी तो कागद वाचून दाखवा. दोरीला हात त्यानंतर.